मधुमेह नाही, तरी शुगर पडते: सेन्सर आणि ग्लुकोमीटर कित्येक महिने वापरल्यानंतर

आधी मुद्द्याचं सांगते. मधुमेह नसताना शुगर खाली जाण्याचा त्रास असेल, तर दंडावर चिकटवून सतत साखर दाखवणाऱ्या सेन्सरपेक्षा बोटातल्या रक्ताच्या थेंबावर साखर मोजणारा साधा ग्लुकोमीटर जास्त कामाचा आहे. दोन्ही कित्येक महिने वापरून मी या मतावर आले आहे. सेन्सर वाईट नाही, त्याने दाखवलं ते दुसऱ्या कशाने दिसलं नसतं. पण आपल्यासारख्यांचं सगळं अडतं ते पुराव्यापाशी, आणि पुराव्याच्या जवळ नेतो तो बोटातला थेंब.

त्रास काय असतो हे ज्याला होतो त्याला सांगायला नको. जेवून दोन-तीन तास होतात आणि एकाएकी हातपाय गळतात, बोटं थरथरतात, मानेवर गार घाम फुटतो, छाती धडधडते. भूक तर अशी लागते की समोर येईल ते तोंडात टाकावं. साखर पुन्हा वर आणायला शरीर ॲड्रेनलिन सोडतं, त्याचा हा सगळा गोंधळ. साखर आणखी उतरली की मेंदूला इंधन कमी पडतं. साधे शब्द आठवत नाहीत, एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागते, नजर धूसर होते.

आणि यावर ऐकायला काय मिळतं? ‘तुला डायबेटिस नाही ना, मग शुगर लो कशी होईल? टेन्शन घेत असशील.’ रिपोर्टही तेच सांगतात. एचबीए1सी ही रक्तचाचणी म्हणजे साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी, तासाभराची घसरण तिच्यात कुठे दिसणार? उपाशीपोटीची शुगरही नॉर्मल येते, कारण ज्याची शुगर जेवणानंतर पडते त्याची सकाळी सहसा ठीकच असते. मात्र हीच लक्षणं घबराटीच्या झटक्यात येतात, थायरॉइड वाढल्यावर येतात, हृदयाचे ठोके बिघडल्यावरही येतात. त्यामुळे शंका घेणाऱ्यांवर रागावून काही साधत नाही. त्या क्षणाचा आकडा हातात हवा.

डॉक्टर यासाठी जी कसोटी लावतात तिला व्हिपल त्रयी म्हणतात. ॲलन व्हिपल या अमेरिकन सर्जनने ती 1930 च्या दशकात मांडली आणि आजही तीच चालते. लक्षणं हवीत, नेमकी त्याच वेळी साखर मोजून कमी आलेली हवी, आणि साखर वर आल्यावर लक्षणं गेलेली हवीत. तिन्ही असतील तरच पुढच्या तपासण्यांना अर्थ आहे. एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मधुमेह नसलेल्या माणसात ‘कमी’ म्हणजे 55 मिलीग्राम प्रति डेसिलिटरच्या खाली. 70 ला सावध व्हा असं जे सगळीकडे वाचायला मिळतं ते मधुमेहींसाठी, विशेषतः इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी आहे. निरोगी माणसाची शुगरही अधूनमधून 70 च्या जरा खाली जाऊन येते. हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली.

आता ग्लुकोमीटर. हात थरथरत असताना डबीतून स्ट्रिप काढणं हेच आधी अवघड. एक ओढावी तर तीन बाहेर येतात. मी दोन्ही कोपरं टेबलावर टेकवते, म्हणजे हात स्थिर राहतात. सुई बोटाच्या पेराला मधोमध न लावता कडेला लावते, तिथे दुखतं कमी. पहिला थेंब पुसून टाकते. दुसरा स्ट्रिपच्या कडेला नुसता टेकवायचा, स्ट्रिप तो आपसूक ओढून घेते. बोट पिळून रक्त काढायचं नाही, त्याने आकडा बिघडतो. आणि हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे केलेले हवेत. नुकतंच फळ चिरलं असेल तर बोटावरच्या साखरेने आकडा चांगलाच फुगतो, म्हणजे नेमकी पडलेली शुगर नॉर्मल दिसते.

माझा क्रम ठरलेला आहे: आधी मोजायचं, मग साखर घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. वहीत आकड्याशेजारी वेळ, काय खाल्लं होतं आणि काय होत होतं ते दोन शब्दांत लिहायचं. पण बोलणं अडखळायला लागलं किंवा भान सुटतंय असं वाटलं, तर मीटर बाजूला ठेवून आधी साखर तोंडात टाकायची. आणि शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ तातडीची मदत बोलवायची. हे घरातल्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मीटरवरही आंधळा विश्वास नको. मीटरच्या अचूकतेसाठीच्या 2013 च्या आयएसओ 15197 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार 100 च्या खालच्या रीडिंगमध्ये 15 पर्यंत इकडेतिकडे चालतं. म्हणजे पडद्यावर 60 दिसत असताना खरी साखर 45 असू शकते, नाहीतर 75. म्हणून निदान मीटरवर होत नाही, लॅबमधल्या रक्तावर होतं. तिथेही एक गोम आहे. रक्तपेशी नळीतसुद्धा साखर वापरत राहतात. नमुना साध्या नळीत तासन्‌तास पडून राहिला तर रिपोर्ट खोटाच कमी येतो. त्यासाठी राखाडी झाकणाची, फ्लोराइड घातलेली नळी असते, ती वापरतात का ते मी आता विचारून घेते.

सेन्सर लावताना मनात धाकधूक होती, पण लावताना फारसं दुखलं नाही. त्याचा केसासारखा बारीक तंतू कातडीखाली राहतो आणि रक्तातली नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो. त्यामुळे आकडा रक्ताच्या पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. शुगर झपाट्याने पडत असताना हा फरक फार मोठा ठरतो. सेन्सर 78 म्हणतो आणि बोटात 58 निघतात, किंवा साखर घेऊन बरं वाटायला लागलं तरी ॲपवर बाण खालीच. पहिल्या दिवसाचे आकडे तर मी धरतच नाही.

तरीही त्याने एक गोष्ट दाखवली ती अमूल्य आहे. नुसतं पिठूळ किंवा गोड खाल्लं की आलेख सुळकन वर चढायचा आणि कडा कोसळावा तसा खाली यायचा. माझी थरथर कधीकधी 85 लाच सुरू व्हायची, कारण साखर तेव्हा कमी नसायची, फक्त वेगाने उतरत असायची. मीटरवर नुसते 85 दिसले असते आणि सगळे म्हणाले असते, बघ, काही नाही. अशा वेळी काही न खाता जरा बसून राहिलं की बऱ्याचदा आपोआप निभावतं हेही मला आलेखानेच शिकवलं.

रात्रीचे अलार्म हा मात्र जीव खाणारा प्रकार. गाढ झोपेत फोन किंचाळतो, आकडा 52. उठून बोटातून तपासावं तर 88. सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपलं की दाबाखाली तो खोटी घसरण दाखवतो. दंड बदलला, कूस बदलली, प्रकार कमी झाला, थांबला नाही. शिवाय दर काही मिनिटांनी आकडा समोर आला की नजर तिथेच जाते आणि प्रत्येक 72 ला काळजात धस्स होतं. चिंतेचा स्वभाव असेल त्याने हे लक्षात घ्यावं.

हल्ली असे सेन्सर मधुमेह नसलेल्यांनाही विकतात. खोका वाचून घ्या. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामकाने मार्च 2024 मध्ये चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिलेला पहिला सेन्सर डेक्सकॉमचा स्टेलो, आणि तो ज्यांची शुगर धोकादायक खाली जाते अशांसाठी नाही असं तेव्हाच स्पष्ट केलेलं आहे, कारण त्यात लो शुगरचा इशारा देण्याची सोय नाही.

ग्लुकोजच्या गोळ्या पर्समध्ये, उशाशी आणि कामाच्या जागी ठेवते. साधारण 15 ग्रॅम घ्यायच्या आणि पंधरा मिनिटं थांबायचं. हे थांबणंच कठीण. भुकेच्या भरात गोडाचा मारा केला की शुगर पुन्हा उसळते आणि पुन्हा आपटते. सावरल्यावर प्रथिनं असलेलं थोडं काहीतरी खाते. रोजच्या जेवणात सगळ्यात फरक पडला तो प्रथिनं आणि भाज्या आधी, पिठूळ शेवटी आणि थोडं, या क्रमाने. रिकाम्या पोटी दारू घेणाऱ्यांनी सांभाळावं, यकृत साखर तयार करतं त्या कामात ती अडथळा आणते.

माझी वही पाहून एंडोक्रायनॉलॉजिस्टनी, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांनी, पहिल्यांदा मला मध्ये न तोडता ऐकून घेतलं. ग्लुकोजचं पाणी पाजून करायची चाचणी त्यांनी टाळली, कारण तिच्यात धडधाकट माणसाचीही शुगर पडू शकते. नेहमीसारखं जेवण देऊन पाच तास दर अर्ध्या तासाने रक्त घेतलं. तिसऱ्या तासाच्या पुढे लॅबचा आकडा 55 च्या खाली आला, तेव्हा मी घामाने भिजले होते, आणि साखर दिल्यावर सावरले.

ज्यांची शुगर उपाशीपोटी, पहाटे किंवा व्यायाम करताना पडते, किंवा ज्यांना भोवळ येऊन बोलणं असंबद्ध होतं, त्यांनी यंत्रांच्या नादी न लागता थेट डॉक्टर गाठावा. त्यात स्वादुपिंडातली इन्सुलिन बनवणारी गाठ, अधिवृक्क (ॲड्रेनल) ग्रंथींचा बिघाड, चुकून पोटात गेलेली मधुमेहाची गोळी अशी कारणं शोधावी लागतात, आणि कधीकधी दवाखान्यात भरती करून 72 तासांपर्यंत उपाशी ठेवून तपासतात. जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांनी ती आवर्जून सांगावी, जेवणानंतर शुगर पडण्याचं ते माहीत असलेलं कारण आहे.

सेन्सर मी आता सतत लावत नाही. आहारात किंवा व्यायामात मोठा बदल केला तरच एखादा लावते. मीटर मात्र कायम जवळ असतो. एकच काळजी घ्यावी लागते: स्ट्रिपची डबी उघडली की खोक्यावरची मुदत चालत नाही, बऱ्याच कंपन्यांच्या स्ट्रिपा उघडल्यापासून काही महिन्यांतच बाद होतात. मधुमेहींच्या त्या आधीच संपतात, आपल्या पडून राहतात. डबीवर उघडल्याची तारीख पेनने लिहून ठेवा आणि लहान डबीच घ्या.