ल्यूव्हनला युरोपियन स्टडीज केलं, त्याचा रिव्ह्यू: जास्त करून लेक्चरं आणि संधींबद्दल

मी २०२४-२५ ला बेल्जियममधल्या केयू ल्यूव्हन विद्यापीठात युरोपियन स्टडीजचं, म्हणजे युरोप एकत्र कसा आला आणि कसा चालतो याचं, मास्टर्स केलं, एक वर्षाचा ६० क्रेडिट्सचा कोर्स. निफाडकडच्या तीन-चार मुलामुलींनी आतापर्यंत मेसेज करून विचारलंय की ताई कसं आहे, घेऊ का, पुढे काम मिळतं का, म्हणून एकदाच नीट लिहिते. सिलॅबस तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, तो सांगत नाही. वर्गाबाहेर जे मिळतं त्याबद्दल लिहायचंय, कारण माझे पैसे तिथेच वसूल झाले.

सगळ्यात भारी म्हणजे संध्याकाळची लेक्चरं. ल्यूव्हनहून ब्रसेल्स ट्रेनने साधारण पंचवीस मिनिटं, आणि युरोपियन युनियनची मुख्य ऑफिसं तिथेच. त्यामुळे युरोपियन आयोगात (युनियनचा कारभार बघणारी संस्था) किंवा पार्लमेंटमध्ये काम करणारी माणसं ऑफिस सुटल्यावर गाडीत बसतात आणि सहा-साडेसहाला तुमच्या समोर येऊन उभी राहतात. पैसे बहुतेक ठिकाणी लागत नाहीत, आधी नाव नोंदवायचं बस. नंतर बाहेर टेबलावर चीज, ज्यूस, वाईन मांडलेली असते आणि खरं बोलणं तिथे होतं. काही लेक्चरं चॅटहॅम हाऊस रूलवर असतात, म्हणजे ऐकलेलं तुम्ही वापरू शकता पण कोण बोललं ते सांगायचं नाही. पहिल्यांदा मला ते विचित्र वाटलं, पण त्या नियमामुळेच अधिकारी मोकळं बोलतात हे दोन-तीन लेक्चरांत कळलं.

आता एक लेक्चर जरा सविस्तर सांगते. विषय होता अन्नसुरक्षा आणि कीटकनाशकांच्या मर्यादा, म्हणजे फळा-भाजीत औषधाचा किती अंश राहिलेला चालतो. आमच्या घरी द्राक्षबाग आहे. २०१० ला मी चौथीत होते तेव्हा युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट सापडलं होतं, वेलीची वाढ रोखायचं औषध, ज्याला आपल्याकडे सगळे सीसीसी म्हणतात, आणि कितीतरी कंटेनर तिकडेच अडकले. आमचाही माल त्यात होता. एक्स्पोर्टरने हात वर केले, वडिलांनी ते वर्ष कसं काढलं ते मी बघितलंय, रात्री ओट्यावर बसून फवारणीची वही चाळत बसायचे की आपलं चुकलं कुठे. त्या हॉलमध्ये बसले तेव्हा हे सगळं डोक्यात होतं. बोलणारे गृहस्थ याच विषयात आयुष्य घालवलेले. प्रश्नांची वेळ आली, माईक फिरत फिरत माझ्या रांगेत आला, हात कापत होता, प्रश्न मी आधी मोबाईलवर मराठीतच लिहून ठेवला होता तो मनातल्या मनात इंग्लिश करत विचारला, की ज्या केमिकलची तपासणी आमच्याकडच्या यादीतच नव्हती त्यासाठी माल अडवला तर छोट्या शेतकऱ्याने ते आधी कळून घ्यायचं तरी कुठून?

ते गृहस्थ थांबले, मी कुठली ते विचारलं आणि शांतपणे उत्तर दिलं. मर्यादा युरोपच्या कायद्यात असतात, एखाद्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नसेल तर सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतात. नवी मर्यादा येणार असेल तर ती जागतिक व्यापार संघटनेत कळवतात आणि बाकीच्या देशांना मत द्यायला साधारण ६० दिवस मिळतात. म्हणजे दार असतं, पण त्या दारात आपल्या बाजूने कोणीतरी उभं पाहिजे. नंतर टेबलापाशी त्यांनी स्वतःहून मला फोनवर रॅस्फ उघडून दाखवलं. युरोपात कुठल्या देशाचा कुठला माल कशामुळे अडवला त्याची ही सूचना यंत्रणा, १९७९ पासून चालू आहे आणि तिची यादी कुणालाही बघता येते. तारीख, देश, माल, कारण, सगळं ओळीने. मी तिथेच उभी राहून भारत टाकून बघितलं.

रात्री वडिलांना व्हॉइस नोट पाठवली, चांगली सात मिनिटांची. सकाळी त्यांचा फोन, पहिलं वाक्य हेच की "बाई, मग हे आपल्याला तेव्हा कोणी का नाही सांगितलं?" माझा थीसिस शेवटी यावरच झाला. वर्गात बसून हा विषय मला सुचला नसता.

तर सांगायचं हे की पहिल्या महिन्यापासून जा. पुढच्या रांगेत बसा. प्रश्न एकच विचारा पण स्वतःच्या भागातला विचारा, कारण त्या खोलीत कांदा, द्राक्ष, साखर, आंबा यांच्याबद्दल तुमच्याइतकं कोणाला माहिती नसतं. २०१४ ला मे महिन्यापासून युरोपने आपला आंबा बंद केला होता फळमाशीमुळे, जानेवारी २०१५ ला बंदी उठली, हे मी एकदा बोलले तर शेजारचा इटालियन मुलगा अर्धा तास मला विचारत बसला. त्या वर्षी भारत आणि युरोपच्या मुक्त व्यापार कराराबद्दल पण खूप बोललं जायचं, २००७ ला सुरू झालेली बोलणी २०१३ ला थांबली आणि २०२२ ला परत सुरू झाली, फेब्रुवारी २०२५ ला तर अख्खं युरोपियन आयुक्तमंडळ, म्हणजे आयोगाचे सगळे प्रमुख, दिल्लीला जाऊन आलं, त्यामुळे भारतीय विद्यार्थ्याचं म्हणणं लोक खरंच कान देऊन ऐकायचे.

गावाबद्दल थोडं. विद्यापीठ १४२५ सालचं, मी होते तेव्हा ६०० वर्षं झाली. ज्याच्या नावाने इरॅस्मस स्कॉलरशिप आहे तो पाचशे वर्षांपूर्वीचा विद्वान इरॅस्मस इथे राहून गेलेला. लायब्ररी १९१४ ला जर्मन सैन्याने जाळली, अमेरिकन लोकांच्या देणग्यांतून परत बांधली, १९४० ला परत जळली. इमारतीच्या दगडांवर देणगी देणाऱ्या अमेरिकन संस्थांची नावं कोरलीयत, आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर असतात तशीच. मी रोज एक-दोन नावं वाचत वर जायचे. आणि १९६८ ला इथे डच की फ्रेंच या भाषेच्या वादावरून एवढं पेटलं की फ्रेंच बोलणारा भाग वेगळा होऊन त्यांच्यासाठी लूव्हँ-ला-नव्ह नावाचं नवीन गावच वसवलं, लायब्ररीतली पुस्तकं सुद्धा सम-विषम नंबरने वाटून घेतली असं तिथे सगळे सांगतात. माझी मामी निपाणीची आहे, तिला हे फोनवर सांगितलं तर तिला एका वाक्यात कळलं, समजावून सांगावंच लागलं नाही. युरोप एकत्र कसा आला हे शिकायला तुम्ही जाता आणि जिथे बसून शिकता ते विद्यापीठच भाषेने दोन केलेलं आहे, यावर आमच्या वर्गात झालेली चर्चा मी कधी विसरणार नाही.

ब्रसेल्सला पार्लमेंटारियम आणि हाऊस ऑफ युरोपियन हिस्टरी ही दोन्ही म्युझियमं फुकट आहेत. दुसऱ्यात हातात टॅबलेट देतात, २४ भाषांत माहिती. दोन रविवार ठेवा त्याला.

आता संधी. इथे डोळे उघडे ठेवून वाचा. भारतीय पासपोर्टला सगळी दारं उघडी नसतात आणि हे आधी कळलेलं बरं. आयोगाची ब्लू बुक ट्रेनीशिप पाच महिन्यांची, मार्च आणि ऑक्टोबरला सुरू होते, पैसे मिळतात, युरोपबाहेरच्यांना घेतात पण मोजक्या जागा. इंग्लिश चांगलं असेल तर आपल्याला तेवढं चालतं. अर्ज कधी सुटतो त्यावर लक्ष ठेवा, माझी एक मैत्रीण चार दिवस उशिरा पोचली आणि सहा महिने वाया गेले. शिकत असताना सेमिस्टरमध्ये आठवड्याला २० तास काम करता येतं. शिक्षण झाल्यावर २०२१ पासून १२ महिने काम शोधायला राहता येतं, अर्ज मात्र परमिट संपायच्या आधी करायचा.

एका संस्थेचा अनुभव मात्र सांगायलाच हवा, नाव घेत नाही. तीन मुलाखती घेतल्या, एक लेख लिहून घेतला, तो फुकट, आणि शेवटी सांगितलं की युरोपियन नागरिकत्व लागतं. मी आठवडाभर रडत होते. तेव्हापासून पहिल्याच ईमेलमध्ये दोन गोष्टी विचारते, कुठला पासपोर्ट चालतो आणि मानधन किती. कोणाला राग येत नाही. तुम्ही पण विचारा.

घरची परिस्थिती बेताची असेल तर आधी इरॅस्मस मुंडस ही युरोपियन युनियनची स्कॉलरशिप बघा, महिना १४०० युरो मिळतात आणि दोन-तीन देश होतात. मी त्यात निवडले गेले नाही, शिक्षणकर्ज काढलं, ते अजून फेडतेय, म्हणून हे आधी सांगते.

अडचण एकच म्हणेन, एक वर्ष फार कमी पडतं. जानेवारीत परीक्षा, त्याआधी सगळं गाव ब्लोकमध्ये जातं, ब्लोक म्हणजे अभ्यासाची सुट्टी, तेव्हा लेक्चरं जवळजवळ बंद. मग जूनची परीक्षा आणि थीसिस. म्हणजे लेक्चरांसाठी खरे महिने ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि फेब्रुवारी ते मे. त्यात आपली मुलं पहिले दोन महिने खोली शोधण्यात घालवतात. खोलीला तिथे कोट म्हणतात, ॲडमिशनचं पत्र आलं की त्याच दिवशी शोधायला लागा आणि स्टेशनपासून चालत जाता येईल अशीच घ्या, ब्रसेल्सचं लेक्चर संपवून रात्री साडेदहाला परत येताना बस बघत थांबायला लागत नाही. रविवारी संध्याकाळी घरून परत आलेल्या बेल्जियन मुलांच्या बॅगांची चाकं दगडी रस्त्यावर खडखडत जातात, पहिल्या महिन्यात तो आवाज ऐकून मला घरची फार आठवण यायची.

मी सध्या त्या १२ महिन्यांत आहे. शेतमालाच्या नियमांवर काम करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात आठवड्यातले तीन दिवस जाते, गुरुवारी संध्याकाळी अजूनही ल्यूव्हनच्या लेक्चरला जाऊन बसते. कोणी येणार असाल तर मेसेज करा, पहिल्या लेक्चरला मी सोबत येते.