लेखापालाच्या टेबलावरचा बारा अंकी कॅल्क्युलेटर : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात, एका पतसंस्थेची तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकांची यादी, जुळवत असताना, माझ्या कॅल्क्युलेटरची अधिकची कळ निकामी झाली. हमीची मुदत बाकी होती, तरी पावतीवर शिक्का नाही या सबबीवर विक्रेत्याने हात वर केले. शेवटी दारव्ह्यात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या मुलाने आतले रबर पुसून ६० रुपयांत कळ सुरू करून दिली. ७०० रुपयांच्या वस्तूसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी दोनदा जाण्याचे भाडे मात्र मला सोसावे लागले आणि त्याचा राग अजून आहे.

मी कर आणि हिशेबाची कामे करतो, सकाळी तासिका तत्त्वावर अकरावी-बारावीला पुस्तपालन आणि लेखाकर्म शिकवतो आणि रविवारी महिला बचत गटांच्या वह्या विनामूल्य तपासून देतो. तिन्ही ठिकाणी हेच यंत्र सोबत असते. वीज गेली तरी ते चालते, ही आमच्याकडे मोठी सोय आहे.

आधीची नोंद मागे जाऊन पाहण्याची कळ मला सुरुवातीला केवळ जाहिरातीपुरती वाटली होती. ते मत मी बदलले आहे. वर्गात हप्त्यांच्या यादीची बेरीज १८० रुपयांनी जास्त येत होती. फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो, तेव्हा अंकांची अदलाबदल झाली असावी, असे मी मुलांना सांगितले आणि एकेक नोंद मागे नेत गेलो. सदतिसाव्या नोंदीत ५,४६० ऐवजी ५,६४० दाबलेले सापडले. फळ्यावर अनेक वर्षे सांगितलेला नियम मुलांना त्या दिवशी डोळ्यांनी दिसला.

एका दाबात ठरलेल्या दराने कर लावणाऱ्या जीएसटीच्या कळांबाबतही असेच झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास सर्व वस्तूंसाठी रद्द झाले, ठिबक संचावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, आणि दोन कळांचे पैसे वाया गेले असे मी धरून चाललो. पुढे त्या कळांचे दर बदलता येतात हे कळले. माहितीपत्रकातली अक्षरे मात्र भिंगाशिवाय वाचता येत नाहीत.

माझी खरी तक्रार स्वल्पविरामाची आहे. हे यंत्र तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम देते, त्यामुळे १,२५,४०० ही रक्कम पडद्यावर १२५,४०० अशी उमटते. मला त्याने अडत नाही. पण गटाच्या सचिव ताई नखाने उजवीकडून एकं, दहं, शतं मोजत थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, वहीत लाख आहे अन् इथं लाख दिसूनच नाही राह्यला." पै-पै साठवून ज्यांनी ती रक्कम उभी केली, त्यांनाच ती वाचता येऊ नये, हे मला फार लागले. मी बेरीज सांगायची आणि त्यांनी मान डोलवायची, असा हिशेब मला मान्य नाही. त्यांनी स्वतः आकडा ताडून मगच सही केली पाहिजे.

सध्या पडद्याखाली पांढरी पट्टी चिकटवून लाख आणि हजार यांच्या जागा मी शाईने आखल्या आहेत. कळ पुन्हा निकामी होईपर्यंत हेच यंत्र वापरीन. पुढचे घेताना २०० रुपये जास्त पडले तरी चालतील, पण दुकानातच १२५४०० दाबून स्वल्पविराम कुठे पडतो ते पाहीन आणि पावतीवर शिक्का मारून घेईन.