सेंट बर्नार्ड, 71 किलो: नऊ वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

आधी तारे देऊन टाकतो. कुत्र्याला पाचपैकी पाच, खरेदीला एक. सरासरी तीन पडते, तेवढेच धरा.

मी सांगलीत हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. हाताला सवयच ती, त्यामुळे नोव्हेंबर 2014 मध्ये पैलवान, म्हणजे आमचा सेंट बर्नार्ड जातीचा कुत्रा, घरात आला त्याच संध्याकाळी त्याच्या नावाचं वेगळं खातं काढलं. फेब्रुवारी 2024 ला ते बंद केलं. बेरीज 12 लाख 57 हजार. त्यात पिल्लाची किंमत 32 हजार. रस्त्यात थांबवून लोक विचारायचे, "केवढ्याला घेतला?" उरलेले सव्वाबारा लाख कुणी कधी विचारले नाहीत.

हट्ट मुलाचा. पिल्लू विकणाऱ्याने केनेल क्लबचे, म्हणजे जातीच्या नोंदीचे, कागद महिन्याभरात पाठवतो म्हणून सांगितलं, ते आजतागायत आलेले नाहीत. कागदाचं दुःख नाही, आम्हाला काय त्याला प्रदर्शनात उभा करायचा होता? पण त्याच्या आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे दाखवा, एवढं विचारायची अक्कल तेव्हा नव्हती. मोठ्या जातींत खुब्याचं दुखणं रक्तातून उतरतं. हळद घेताना आम्ही पोत्यात बांबू खुपसून आतला माल बघतो आणि इथे नुसतं तोंड बघून पैसे मोजले.

आला तेव्हा दुकानातल्या काट्यावर 6 किलो 800 भरला. मग दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी हमाल यायच्या आत त्याला काट्यावर उभा करायचो. पहिल्या वर्षी आकडा असा पळत होता की मलाच काट्याचा संशय आला, वजनं ठेवून तपासला. काटा बरोबर होता. दोन वर्षांचा झाला तेव्हा 71 वर थांबला.

आणि खरी गोम इथेच आहे. मोठ्या कुत्र्याचं सगळं किलोवर चालतं. जंताचं औषध किलोवर. भूल किलोवर. अँटिबायोटिक किलोवर, म्हणजे शेजारच्या पॉमला एक गोळी तिथे आमची पाकिटं. आम्ही द्यायचो ती गोचिडाची गोळी मोठ्यात मोठी घेतली तरी 56 किलोपर्यंतच, मग वरच्या 15 किलोंसाठी आणखी एक छोटी. दुकानदार दर वेळी हसायचा, "काका, सुटे वेगळे लागतात तुम्हाला."

खाण्याचे 6 लाख 80 हजार झाले. महिन्याला सरासरी सहा हजारांच्या वर. वाढीच्या वयात तयार खाद्य, तेही मोठ्या जातीच्या पिल्लांचं; डॉक्टरांनी वर कॅल्शियमच्या गोळ्या द्यायला सक्त मनाई केली होती, कारण हाडं भराभर वाढली की सांधे बिघडतात. पुढे अर्धं तयार खाद्य, अर्धं घरचं: कोंबडीच्या माना, तांदळाची कणी, भोपळा. सौ. म्हणायची, कुकर पैलवानाचा, आपण त्यात उरलंसुरलं खातो.

विजेचं कुणीच सांगत नाही, म्हणून मी सांगतो. ही जात स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतली, जवळजवळ 2,470 मीटर उंचीवरची. तिथल्या मठातले साधू बर्फात अडकलेल्या वाटसरूंना हुडकायला हे कुत्रे घेऊन जायचे. त्याला आम्ही सांगलीच्या उन्हात आणून बसवला. पहिल्या उन्हाळ्यात तो मोरीच्या फरशीवर चारी पाय पसरून पडायचा आणि उठायचं नाव नाही. शेवटी दीड टनाचा एसी घेतला, घरातला पहिला. माझ्या वडिलांनी आयुष्यात एसी पाहिला तो या कुत्र्याच्या खोलीत, दुपारी तेही सतरंजी घेऊन तिथेच. वीज आणि दोन एसी मिळून 1 लाख 75 हजार.

एका उन्हाळ्यात तेवढ्यासाठीच एका सलूनवाल्याकडे नेला. नुसता विंचरून, गाठी सोडवून द्या म्हटलं होतं. त्याने गरम होतंय म्हणून मशीन लावून पार भादरला. या जातीला केसांचे दोन थर असतात आणि ते उन्हापासूनही आडोसा करतात. पाठ भाजून लाल झाली, दीड महिना मलम. भादरायचे 1,500 आणि मलमाचे 4,200, दोन्ही एकाच पानावर आहेत.

औषधपाण्याचे 2 लाख 60 हजार. त्यात एक रात्र 48 हजारांची. जेवून तासाभराने तो येरझाऱ्या घालायला लागला, ओकायला बघायचा आणि नुसता फेस. पोटावर हात ठेवला तर ढोलकीसारखं ताणलेलं. खोल छातीच्या कुत्र्यांत पोटात गॅस भरून पोट पिळा खातं, मग हातात काही तासच असतात. पहाटे ऑपरेशन झालं; पोट सरळ करून आतून बरगडीच्या बाजूला टाके घालून बांधलं, पुन्हा फिरू नये म्हणून. हेच टाके आधी धडधाकट असताना घालता येतात, निम्म्याहून कमी पैशात, हे आम्हाला नंतर कळलं. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो. खुब्यांसाठी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जायचो. दर परवडणारा, पण 71 किलो बसेल अशी गाडी भाड्याने करायची म्हणजे टेम्पोच. गाडीभाडं, पट्टे, त्याने खाल्लेला सोफा, असं किरकोळ 1 लाख 10 हजार.

एक पान मात्र कोरं आहे. ऑगस्ट 2019. कृष्णेला पूर, आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर गेलं आणि आम्ही गावभागात तळमजल्यावर. नाववाल्या पोराने पैलवानाकडे बघितलं न् म्हणाला, "मामा, ह्याला म्हशीसंगं पाठवा." शेवटी सौ. उतरते म्हणाल्यावर त्याने दोघांनाही घेतलं. मी वही पोटाला बांधली होती. तासगावच्या मेव्हण्याने तेरा दिवस सगळ्यांना ठेवून घेतलं, एक रुपया घेतला नाही. काय लिहिणार?

शेवटची नोंद जेसीबीची, 1,200 रुपये. खड्डा मेव्हण्याच्याच बांधावर. माणसाने खणायचा म्हटला तर दुपार गेली असती.

भागाकारही करून ठेवलाय: 12,57,000 भागिले 71, किलोला 17,700 रुपये. हळदीला असा भाव आला असता तर मी अडत्याकडे वही लिहीत बसलो नसतो.

गल्लीतल्या एका मुलाला सेंट बर्नार्डच घ्यायचा होता. सल्ला न देता वही दिली. आठ दिवसांनी परत आणून दिली, काही बोलला नाही. मागच्या सोमवारी दुकान उघडायच्या वेळी पिशवीत लॅब्रेडॉरचं पिल्लू घेऊन दारात उभा. काटा पुसून घेतला. 4 किलो 200.