हॉस्पिटलमधे हात साफ करायला सॅनिटायझर की साबण?
पेशंटजवळ बसणाऱ्यांनी एरवी सॅनिटायझरच वापरावं असं मला वाटतं, कारण बेडची कड, सलाईनचा स्टँड, दाराची कडी सगळीकडे आपला हात लागतो आणि एमआरएसएसारखे, बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणारे बॅक्टेरिया तसेच एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जातात, दरवेळी बेसिनपर्यंत जाणं होत नाही हो. २०-३० सेकंद चोळलं की झालं, साबणाला ४०-६० सेकंद लागतात. पण हाताला रक्त, शी, उलटी लागली तर साबणच हवा. आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या बॅक्टेरियाचे जुलाब असतील तर सॅनिटायझरने त्याचे स्पोअर (कडक कवचातलं बीजासारखं रूप) मरतच नाहीत, ते साबण लावून वाहत्या पाण्याखाली चोळूनच काढावे लागतात. अंगठा आणि बोटांची टोकं दोन्हीत राहून जातात, तिथे नीट चोळा प्लीज.