ऐरोलीतील एका कॅफेत अमेरिकन फुटबॉलचा हंगाम

ठाणे-बेलापूर पट्ट्यात अमेरिकन कंपन्यांसाठी रात्रपाळी करणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि अशा पाळीत काही वर्षे काढली की पलीकडच्या माणसाच्या शहराचा संघही हळूहळू आपलासा वाटू लागतो. माझ्या बाबतीत ते शहर शिकागो होते. सोमवारी संध्याकाळी कॉलवर येणारी तिकडची मंडळी कामाला हात घालण्यापूर्वी बेअर्सच्या, म्हणजे त्यांच्या शहराच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या, पराभवाबद्दल पाच मिनिटे तरी हळहळत असत, आणि ते दुःख नेमके कशाचे आहे हे समजून घ्यावे म्हणून मी २०२४ च्या सप्टेंबरात त्यांचा पहिला सामना पाहिला. घरी, मोबाइलच्या छोट्या पडद्यावर, एकटीने पाहिलेले त्या वर्षीचे सामने मला जेमतेम निम्मे कळले. २०२५ च्या हंगामात मात्र मी दर रविवारी कळव्याहून ऐरोलीला जाऊन एका कॅफेत ते पाहिले, आणि खेळ खऱ्या अर्थाने तिथेच समजला.

ऐरोली स्टेशनवरून सेक्टरांच्या बाजूने चालत गेल्यास हा कॅफे दहा मिनिटांवर आहे. तळमजल्यावरचे दोन गाळे एकत्र करून तो थाटलेला असून आत एकूण बत्तीस खुर्च्या आहेत. जागा लहान असल्यामुळे नाव छापू नये अशी विनंती मालकांनी केली आहे व ती मी पाळत आहे. परिसरात अमेरिकन फुटबॉल कुठे दाखवतात असे विचारल्यास कोणीही रस्ता दाखवील. प्रवेशासाठी तिकीट नाही, मात्र सामन्याच्या रात्री माणशी २५० रुपयांची ऑर्डर द्यावी लागते. मद्य मिळत नाही, आणि रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या माझ्यासारख्या बाईच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबरात रविवारचे पहिले सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात. परंतु मी नवख्या प्रेक्षकांना आवर्जून सांगेन की त्यांनी नऊलाच पोहोचावे, कारण या जागेचे खरे वैशिष्ट्य सामन्यापूर्वीचा हा दीड तास आहे. या वेळात कोपऱ्यातल्या लहान टीव्हीवर मागच्या आठवड्याच्या सामन्याचे ते चित्रीकरण लावतात, ज्यात मैदानावरचे सर्व २२ खेळाडू एकाच चौकटीत दिसतात. थेट प्रक्षेपणात कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो, त्यामुळे क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणारा खेळाडू, कोसळलेला दिसतो, पण त्याला कोसळवणारा माणूस कुठून सुटून आला हे बहुतेक वेळा दिसतच नाही. या दुसऱ्या चित्रीकरणात ते दिसते, आणि जिथे तेही पुरेसे वाटत नाही तिथे मालक काका कॅरमचा बोर्ड पुढे ओढतात.

या बोर्डाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमण करणाऱ्या बाजूला ११ खेळाडू असतात, आणि योगायोगाने कॅरममध्ये नऊ पांढऱ्या सोंगट्या, एक राणी व एक स्ट्रायकर मिळून बरोबर ११ नग होतात. राणी म्हणजे क्वार्टरबॅक, तिच्या शेजारचा स्ट्रायकर म्हणजे चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक, समोर एकमेकींना खेटून ठेवलेल्या पाच पांढऱ्या सोंगट्या म्हणजे क्वार्टरबॅकला राखणारी ऑफेन्सिव्ह लाइन, आणि उरलेल्या चार म्हणजे चेंडू झेलणारे. बचावाच्या बाजूला काळ्या सोंगट्या नऊच असल्यामुळे खोलवर उभ्या राहणाऱ्या दोन सेफ्टींच्या जागी काका दोन शेंगदाणे ठेवतात. पहिल्याच रविवारी त्यांनी दोन काळ्या सोंगट्या घेऊन एकीला दुसरीच्या मागून फिरवले, एका पांढऱ्या सोंगटीला चुकीच्या काळीच्या मागे सरकवले, आणि मध्ये बोटभर रुंदीची जी मोकळी वाट तयार झाली तिच्यातून काळी सोंगटी सरळ राणीवर आणून टेकवली. एवढ्या एका हालचालीत मला २०२४ चा आख्खा हंगाम उलगडला.

त्या हंगामाचे गणित सांगितल्याशिवाय इथल्या चर्चेचे मोल कळणार नाही. केलेब विल्यम्स हा २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्याच क्रमांकावर निवडला गेलेला बेअर्सचा क्वार्टरबॅक. पदार्पणाच्या वर्षी १७ सामन्यांत त्याला ६८ वेळा चेंडू हातात असतानाच खाली पाडण्यात आले, म्हणजे सामन्यागणिक बरोबर चार वेळा. ४ विजय व २ पराभव अशा सुरुवातीनंतर संघ सलग दहा सामने हरला आणि ५ विजय व १२ पराभवांवर हंगाम संपला. नोव्हेंबरात आधी आक्रमणाच्या चाली ठरवणारे शेन वॉल्ड्रन यांना काढले, आणि महिना संपण्याआधी मुख्य प्रशिक्षक मॅट एबरफ्लूस यांनाही. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाने एका वर्षात दोन माणसांच्या चाली शिकायच्या, आणि तिसऱ्या वेगळ्या पद्धतीची तयारी पुढच्या जानेवारीत नवे मुख्य प्रशिक्षक बेन जॉन्सन आल्यावर सुरू करायची, अशी त्याची अवस्था होती.

कॅफेत या मुलावरून दोन तट पडलेले आहेत. माइंडस्पेस या ऐरोलीतल्या आयटी पार्कमध्ये काम करणारे एक दादा आणि त्यांच्या भोवतीची मंडळी लाइनला दोष देतात. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा व त्याचे मित्र म्हणतात की विल्यम्स चेंडू फार वेळ हातात धरतो, आणि त्यामुळे त्याच्यावर येणारी अर्धी संकटे त्याने स्वतः ओढवून घेतलेली असतात. हा मुलगा नुसते बोलून थांबत नाही. चित्रीकरण सुरू असताना तो मोठ्याने “एक, दोन, तीन” असे मोजतो, आणि तीनला झेलणारा खेळाडू मोकळा असूनही चेंडू सुटलेला नसेल तर टीव्ही थांबवायला लावतो. एकदा असाच टीव्ही थांबला असता दादा म्हणाले, “अरे, मागच्या चार वेळा तीन मोजायच्या आतच तो आडवा झाला होता. पाचव्यांदा त्याने समोर बघायचं की बाजूला?” त्यावर मुलाने शांतपणे उत्तर दिले, “दादा, समोरच बघायचं. तेच तर शिकायचंय त्याला.” असा वाद आवाज न चढवता चालू ठेवता येतो, हे श्रेय मला त्या जागेला द्यावेसे वाटते.

माझे स्वतःचे मत दादांच्या बाजूला झुकते, आणि ते बनवण्यात काकांचा वाटा मोठा आहे. काका तरुणपणी ठाण्यात कबड्डी खेळलेले. ते सांगतात की कोपरारक्षकाने घोटा कितीही पक्का धरला तरी बाकीचे धावून आले नाहीत तर चढाई करणारा त्याला ओढत मधल्या रेषेपर्यंत नेतो, आणि बाहेरून बघणारे मात्र पकड सुटली म्हणून कोपऱ्यालाच बोल लावतात. शिकागोने २०२५ च्या हंगामापूर्वी जे केले ते पाहता तिथल्या व्यवस्थापनालाही हेच उमगले असावे. लाइनच्या मधल्या तिन्ही जागा त्यांनी नव्याने भरल्या: डावीकडे कॅन्सस सिटीकडून आलेला जो थूनी, मध्यभागी अटलांटाचा ड्रू डालमन, उजवीकडे रॅम्सकडून आलेला जोना जॅक्सन. शिवाय ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर कोल्स्टन लव्हलँड हा टाइट एंड, म्हणजे लाइनच्या टोकाला राहून अडवणारा आणि चेंडूही झेलणारा खेळाडू, घेतला. त्या वर्षी खाली पाडले जाण्याचा आकडा ६८ वरून निम्म्याहूनही खाली आला, संघाने ११ सामने जिंकून आपला गट जिंकला, आणि विल्यम्सने एका हंगामात फेकलेल्या यार्डांचा एरिक क्रेमरचा १९९५ पासूनचा संघविक्रम मोडला.

एवढ्यावरून सगळे श्रेय लाइनला द्यायला तो विद्यार्थी तयार नाही, आणि त्याचा मुद्दा टाकाऊ नाही. बफेलोचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन याचे उदाहरण तो देतो. २०१८ मध्ये ॲलनच्या फेकींपैकी ५२.८ टक्केच झेलल्या जात होत्या, २०२० मध्ये हे प्रमाण ६९.२ टक्क्यांवर गेले. चेंडू झेलणारा स्टेफॉन डिग्ज त्याच वर्षी बफेलोत आला हे खरे, परंतु ॲलनने स्वतःच्या फेकण्याच्या ढबीवर घेतलेली मेहनतही तितकीच खरी. मला वाटते, मेहनतीचे फळ दिसण्यासाठी आधी उभे राहायला जागा लागते. २००२ मध्ये पहिल्यांदाच मैदानात उतरलेल्या ह्यूस्टनच्या संघात क्वार्टरबॅक डेव्हिड कार ७६ वेळा पाडला गेला. तोही ड्राफ्टमधला पहिलाच खेळाडू होता, आणि त्याच्यात काय होते हे कधी नीटसे दिसलेच नाही. हे नाव मी घेतले तेव्हा विद्यार्थ्याने मान हलवली, पण मोजणे थांबवले नाही.

आता या कॅफेची त्रुटी, जी मला मनापासून खटकते. दोन वाजता शटर खाली येते. साडेदहाला सुरू झालेला सामना तोपर्यंत संपतो, पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे जातात, सामने आपल्याकडे साडेअकराला सुरू होतात, आणि शेवटचा भाग नेमका शटरच्या बाहेर राहतो. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री हेच झाले. त्या दिवशी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना होता, तेव्हा मोठ्या पडद्यावर क्रिकेटच हवे याबद्दल कोणाचेही दुमत नव्हते. मध्यरात्रीच्या सुमारास हरमनप्रीतच्या संघाने ५२ धावांनी विजय मिळवला, आतबाहेर सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते, काकांनी सर्वांना पेढे वाटले, आणि त्यानंतर सिनसिनाटीविरुद्धचा बेअर्सचा सामना लहान टीव्हीवरून मोठ्या पडद्यावर आला. दोन वाजता चौथा, म्हणजे शेवटचा, क्वार्टर सुरू असताना काकांनी नेहमीप्रमाणे हात जोडले.

आम्ही नऊ जण बाहेरच्या पायरीवर एका मोबाइलभोवती उभे राहिलो. १४ गुणांची आघाडी बेअर्सनी घालवली, शेवटच्या मिनिटात सिनसिनाटी ४२-४१ असे पुढे गेले, आणि दादांनी मोबाइल दुसऱ्याच्या हातात देऊन पाठ फिरवली. घड्याळात १७ सेकंद राहिले असताना विल्यम्सची फेक लव्हलँडने घेतली, दोन बचावपटूंच्या धडकेतून तो सुटला आणि ५८ यार्डांची ती चाल थेट सहा गुणांच्या टचडाउनपर्यंत गेली. ४७-४२. आमच्या ओरडण्याने वरच्या मजल्यावरचा दिवा लागला आणि आम्ही हात जोडून क्षमा मागितली. त्या फेकीच्या वेळी विल्यम्सला उभे राहायला स्वच्छ जागा मिळाली होती की त्याने ती स्वतः मिळवली, यावर रिक्षा मिळेपर्यंत वाद चालला, आणि चांगला अर्धा तास रिक्षा मिळाली नाही. इतक्या उशिरा परतीची लोकल नसते हे बाहेरून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. निदान नोव्हेंबरपासून पुढे कॅफे तीनपर्यंत उघडा ठेवता येईल का, हे काकांनी पाहावे अशी माझी कळकळीची विनंती आहे, आणि ती मी त्यांना समक्षही केली आहे.

खाण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मिसळ उत्तम आहे. रस्सा वेगळ्या वाटीत येतो व न मागता पुन्हा मिळतो. कांदाभजी पहिल्या क्वार्टरमध्येच मागवावीत, कारण नंतर स्वयंपाकघरातला मुलगाही सामना पाहायला बाहेर येतो आणि ऑर्डर रेंगाळते. चहा जरा जास्त गोड असतो. पडद्याचे चित्र स्वच्छ आहे, आवाज मात्र मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही.

रविवारी रात्र काढणे जमत नसेल तर सोमवारी पहाटेचा पर्याय आहे आणि तो मला वैयक्तिकरीत्या अधिक आवडतो. अमेरिकेतील रविवार रात्रीचा सामना आपल्याकडे सोमवारी पहाटे सहाला दहा मिनिटे कमी असताना, आणि नोव्हेंबरनंतर सातला दहा कमी असताना सुरू होतो. कॅफे साडेपाचला उघडतो. पाळी संपवून गळ्यात ओळखपत्र तसेच ठेवून आलेली माणसे, कामावर निघालेली माणसे आणि सकाळच्या फेरफटक्यातून डोकावणारे दोन-तीन आजोबा असे सगळे एकत्र पोहे खात बसतात. या आजोबांना नियम समजावून सांगताना मला स्वतःला ते अधिक पक्के कळले. त्यांच्यापैकी एकांनी विचारले होते, “बाई, हे पाच जाडजूड गडी चेंडूला हातच लावत नाहीत, मग यांचं काम काय?” मी त्यांना बोर्डापाशी नेले.

जागा आधी फोन करून राखून ठेवता येते. राखताना दुसऱ्या रांगेतली डावीकडची खुर्ची मागावी. तिथे आवाज नीट येतो, आणि पडद्याबरोबर कॅरमचा बोर्डही दिसतो.