लिनक्स मिंट, आठ महिने वापरून: लाईट आली की नेट गायब

अंबाजोगाईत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझी चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरची मशीन विंडोज ११ च्या अटीत बसत नव्हती. नव्या मशीनला पैसे घालायचे नव्हते, म्हणून २४० जीबीची एसएसडी टाकून मिंट २२, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी लिनक्सवरची फुकट सिस्टीम, चढवलं. प्रिंटर पहिल्याच दिवशी चालला, मराठी टायपिंग बसवायला दोन दिवस गेले. बाकी चांगलंच आहे. पण एका गोष्टीनं माझा जीव खाल्ला: लाईट जाऊन आली की मशीनला आयपी पत्ताच (नेटवर्कवर मशीन ओळखायचा आकडा) मिळायचा नाही.

लाईट आली की मशीन आपोआप चालू होते, बायोसमध्ये तसं सेटिंग करून ठेवलंय. पंचवीस सेकंदांत डेस्कटॉप समोर. कोपऱ्यातलं नेटवर्कचं चिन्ह फिरत राहायचं, मग कनेक्शन फेल. काउंटरवर सातबाऱ्यासाठी उभे असलेले मामा विचारायचे, "बाळा, कामून थांबलंय?" मी केबल उपसून परत खोचायचो आणि नेट चालू व्हायचं. मग माझ्या मनात पक्कं बसलं की दोष केबलचाच. आधी टोकं नवीन बसवली, नंतर अख्खी दहा मीटर केबल बदलली. फरक शून्य.

नेटवाल्यांचा माणूस बोलावला. त्यानं स्क्रीन बघितली, "लिनक्सला आमचा सपोर्ट नाही, विंडोज टाका" म्हणाला आणि व्हिजिटचे तीनशे रुपये घेऊन गेला. शेजारच्याच टेबलावरच्या जुन्या विंडोज मशीनवर नेट चालू होतं, त्यामुळे मला बोलायला तोंड राहिलं नाही. त्या संध्याकाळी एक स्टार देऊन हा अनुभव लिहायला बसलो होतो.

मत बदललं ते नेटवर्क मॅनेजरचा, म्हणजे मिंटमध्ये नेट जोडणाऱ्या प्रोग्रामचा, लॉग (नोंदी) जर्नलसीटीएल या कमांडने वाचल्यावर. तिथे स्पष्ट ओळ होती: डीएचसीपी सुरू, टाइमआउट ४५ सेकंद. अशा चार फेऱ्या, आणि मग गप्प. डीएचसीपी म्हणजे पत्ता आपोआप मिळवायची पद्धत: तिच्यात मशीन आधी हाक मारते, राऊटर पत्ता देऊ करतो, मशीन तो मागते, राऊटर पक्का करतो. माझ्याकडे हाक ऐकायलाच कोणी नव्हतं. मशीन आणि राऊटरच्या मध्ये पाच पोर्टचा नेटवर्क स्विच (केबली जोडायचा डबा) आहे. लाईट येताच तो जागा होतो, म्हणून मशीनला वाटतं केबल जोडलेली आहे, नेटवर्क आहे. राऊटर मात्र उठायला चार मिनिटं घेतो. तोवर चारही प्रयत्न संपतात आणि नेटवर्क मॅनेजर पाच मिनिटं थांबतो. केबल उपसली की ती मोजणी नव्यानं सुरू होते. केबलचा संबंध होता तो एवढाच!

आणि विंडोजवाली मशीन? तिच्यात जुनी हार्ड डिस्क आहे, चालू व्हायलाच पाच मिनिटं लागतात. ती उठेपर्यंत राऊटर तयार असतो. म्हणजे मिंटचा वेगच मला नडत होता आणि मी महिनोन्‌महिने त्यालाच शिव्या देत होतो.

मधे एक आठवडा पत्ता हाताने टाकून बघितला. राऊटरनं तोच पत्ता वायफाय प्रिंटरला दिला आणि दोन्ही बंद पडलं, म्हणून तो नाद सोडला. राऊटरला छोटा यूपीएस घ्या असंही कोणी सुचवेल, पण फुकटात सुटणाऱ्या गोष्टीला हजार-दीड हजार मी घालणार नाही. एनएमसीएलआय या नेटवर्क मॅनेजरच्या कमांडने वायर्ड कनेक्शनची दोन सेटिंग बदलली: आयपीव्ही४ चा डीएचसीपी-टाइमआउट ३०० सेकंद आणि ऑटोकनेक्ट-रिट्राइज ०. इथे शून्य म्हणजे प्रयत्न कधीच सोडू नको. मशीन रिस्टार्ट केली, स्विच चालू ठेवून राऊटर मुद्दाम बंद केला. चिन्ह फिरत राहिलं. सहा मिनिटांनी राऊटर चालू केला आणि तो उठल्यावर थोड्याच वेळात, केबलला हात न लावता पत्ता आला. तेव्हापासून लाईट कितीदा गेली असेल, टेबलाखाली एकदाही वाकलो नाही.

तरी एक स्टार कापतोय. "कनेक्शन फेल" एवढंच दाखवण्याऐवजी "केबल ठीक आहे, पण पत्ता देणारं कोणी सापडलं नाही" असं स्क्रीनवर आलं असतं तर माझी केबल, तीनशे रुपये आणि मामांचा खोळंबा, सगळं वाचलं असतं. माहिती लॉगमध्ये होती, पण फॉर्म भरणारा माणूस लॉग उघडत नाही.

पुढच्या महिन्यात ती विंडोजवाली मशीनही मिंटवर आणतोय. एसएसडी बसवली की सगळ्यात आधी तिच्यातही हीच दोन सेटिंग बदलणार.