पेजस्पीड इनसाइट्स: वेग नेमका मोजतं, मराठी अक्षरं बघत नाही

साइट उघडताना पांढरा पडदा बघून कंटाळलेलं गिऱ्हाईक तक्रार करत नाही, मागे जाऊन दुसरं दुकान उघडतं. असं का होतं ते तपासायला गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स हे फुकट साधन चांगलं आहे. लॉगिन लागत नाही. साइटचा पत्ता टाकला की थोड्याच वेळात निकाल येतो.

निकालाचे दोन भाग असतात आणि बहुतेक लोक चुकीचा भाग बघतात. वरचा भाग खऱ्या लोकांच्या क्रोम ब्राउझरमधून आलेल्या, मागच्या २८ दिवसांच्या आकड्यांचा. मुख्य मजकूर किंवा फोटो २.५ सेकंदांत दिसावा (एलसीपी), बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा (आयएनपी), पान उघडताना मजकूर जागेवरून हलण्याचा आकडा ०.१ च्या आत राहावा (सीएलएस). शंभरपैकी गुण देणारं गोल चक्र खालच्या भागात असतं. ती प्रयोगशाळेतली चाचणी: मोबाइलसाठी सुमारे १.६ एमबीपीएसचं नेट आणि मुद्दाम चौपट मंद केलेला प्रोसेसर. हे गुण दर वेळी थोडे बदलतात, म्हणून तीन-चारदा चाचणी घेऊन मधला आकडा धरा. छोट्या साइटला वरचा भाग रिकामा दिसतो, कारण तेवढी वर्दळच नसते. वर आकडे हिरवे असतील आणि चक्र ६५ दाखवत असेल, तर झोप उडवून घेऊ नका. ‘तुमची साइट लाल आहे’ अशा मेल पाठवून काम मागणारे याच चक्राचा फोटो जोडतात.

सगळ्यात जास्त घोळ वरच्या मोठ्या फोटोत सापडतो. फोनने काढलेला ४ एमबीचा फोटो तसाच चढवला, तर १.६ एमबीपीएसवर तो एकटाच २० सेकंद खातो. तोच ८०० पिक्सेल रुंद वेबपी (वेबसाठीचा हलका फोटो-प्रकार) करून १२० केबीपर्यंत आणला, तर पाऊण सेकंदाच्या आत उतरतो. इथे आणखी एक खोच आहे. वर्डप्रेसच्या पेज बिल्डरमध्ये बॅनर ‘बॅकग्राउंड इमेज’ म्हणून लावला, की सीएसएस (पानाची सजावट ठरवणारी फाइल) उतरेपर्यंत ब्राउझरला त्या फोटोचा पत्ताच लागत नाही. स्लायडरचं त्याहून वाईट: पहिली स्लाइड बऱ्याचदा जावास्क्रिप्टची (पानातली हालचाल चालवणाऱ्या कोडची) वाट बघत बसते. एकच स्थिर फोटो साध्या इमेज टॅगने लावा, रुंदी-उंची लिहा, त्याचा लेझी लोड (फोटो दिसायची वेळ आली की मगच उतरवण्याची सोय) बंद करा. वेगाच्या प्लगइनमध्ये ‘सगळ्या फोटोंना लेझी लोड’ चालू असेल तर पहिला फोटो त्यातून वगळा. अहवाल ही चूक दाखवतो, पण कोणत्या प्लगइनमुळे झाली ते सांगेलच असं नाही.

गुणांच्या मागे लागून सगळी जावास्क्रिप्ट पहिल्या स्पर्शापर्यंत अडवून ठेवणारे प्लगइन मात्र टाळा. चक्र हिरवं होतं, आणि गिऱ्हाइकाने मेन्यूवर पहिल्यांदा बोट लावलं की काहीच होत नाही.

आता या साधनाची मोठी उणीव. मराठी पान कसं दिसतंय, हे त्याला कळत नाही. रोमन लिपीसाठी बनवलेल्या थीममध्ये शीर्षकाला बऱ्याचदा दोन पिक्सेल लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) असतं; देवनागरीत त्याने शिरोरेखा तुटते आणि ‘आमच्याविषयी’चे तुकडे होतात. ओळीची उंची १.१ ठेवलेली असेल, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारांवर चढतात. गुण तरीही १००. लेटर-स्पेसिंग शून्य करा आणि शीर्षकाची ओळ-उंची १.४ च्या आसपास ठेवा. मुक्तसारखा वेबफॉन्ट वापरत असाल तर त्याची सातही वजनं (अक्षरांच्या जाड्या) उतरवू नका, ४०० आणि ७०० पुरतात. फॉन्ट-डिस्प्ले ‘स्वॅप’ ठेवल्यास, म्हणजे वेबफॉन्ट येईपर्यंत फोनमधला फॉन्ट दाखवल्यास, मजकूर लगेच वाचता येतो. फॉन्ट बदलताना ओळी किंचित हलतात, पण रिकाम्या पानापेक्षा ते परवडतं.

अॅक्सेसिबिलिटीच्या (अपंगांनाही साइट वापरता येते का, याच्या) गुणांवरही डोळे झाकून विसंबू नका. भाषेच्या बाबतीत, पानाच्या भाषेचा टॅग आहे का आणि त्यातला भाषेचा कोड वैध आहे का, एवढंच तिथे तपासलं जातं. पूर्ण मराठी पानावर इंग्रजीचा टॅग असला तरी ते पास होतं, आणि दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातो. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी केली, की सहसा हा टॅग आपोआप बदलतो.